धुराची जकात

अबुल फजलाची ‘आईन-इ-अकबरी’ पुरी होत आली तेव्हा वऱ्हाड मोगलांच्या हाती येऊन फार दिवस लोटले नव्हते. १५९६ साली अहमदनगरच्या वेढ्यातून सुटका करून घेताना चांदबिबीने हा मुलूख अकबराला तोडून दिला, आणि मोगली मुत्सद्द्यांच्या रिवाजाप्रमाणे नव्या सुभ्याचे सरकारवार व महालवार जमाबंदीचे आकडे लागलीच ग्रंथात दाखल झाले. पैनगंगेच्या उत्तरेस वसलेले उमरखेड हे माहूर सरकारातील एक महाल म्हणून त्यात नोंदलेले आहे. त्याच ग्रंथात उत्तरेकडील सुभ्यांतील पिकांवरील साऱ्याच्या दरांची जी विस्तृत कोष्टके आहेत त्यांत ऊस आहे, नीळ आहे, अफूचे बोंड आहे, नागवेलही आहे. तंबाखू मात्र कोठेही नाही. बादशाही दप्तराला ज्या पिकाची ओळखच नव्हती, तेच पीक पन्नास वर्षांच्या आत वसुलाचे एक भरवशाचे कलम होऊन बसले. या पानाच्या दक्षिणेतील प्रसाराचा दोष सामान्यतः लोकांच्या व्यसनाधीनतेवर ठेवला जातो. परंतु कागदपत्रांचा क्रम लावून पाहिला तर व्यसनाच्या मागोमाग, आणि कित्येकदा त्याच्याही पुढे, तिजोरी चालत आल्याचे दिसते.

तंबाखू मूळची दक्षिण अमेरिकेतील. स्पॅनिश व पोर्तुगीज खलाशांनी ती युरोपात नेली ती औषधी म्हणून. लिस्बन येथील फ्रेंच वकील झाँ निको याने १५६० साली तिची पाने डोकेदुखीवरील उपाय म्हणून फ्रान्सच्या राजमातेकडे धाडली, आणि त्याच्याच नावावरून पुढे शास्त्रज्ञांनी या वनस्पतीचे व तिच्यातील द्रव्याचे नामकरण केले. १५१० पासून गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होताच. गोव्याशी विजापूरचे कधी युद्ध तर कधी व्यापार असे संबंध असल्यामुळे सोळावे शतक सरता सरता हे पान आदिलशाही राजधानीत पोहोचले होते. उत्तरेस अद्याप ते कोणी पाहिले नव्हते.

ते उत्तरेस नेण्याचे श्रेय, किंवा अपश्रेय, असद बेग कझवीनी या मोगल मुत्सद्द्याकडे जाते, आणि ज्या प्रसंगाने ते घडले त्याचा वऱ्हाडाशी अगदी निकटचा संबंध आहे. वऱ्हाड, खानदेश आणि अहमदनगरचा जिंकलेला प्रदेश मिळून झालेल्या दक्षिणेच्या सुभेदारीवर अकबराने आपला धाकटा मुलगा दानियाल याची नेमणूक केली होती. त्याच्यासाठी दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कन्येची सोयरीक ठरली. वधूस घेऊन येण्यासाठी आधी गेलेला वकील विजापूरच्या पाहुणचारात रमून राहिला, म्हणून असद बेगला पाठविण्यात आले. त्याने कामगिरी फत्ते केली, इतिहासकार फिरिश्ता वधूसोबत गोदातीरी पैठणपर्यंत आला, तेथे विवाह झाला, आणि असद बेग बादशहासाठी नजराणे घेऊन आग्र्यास परतला. हे १६०४ च्या आसपासचे वर्तमान आहे. त्या नजराण्यांत एक चांदीचे तबक होते.

असद बेगने स्वतःच्या वृत्तांतात त्या तबकाचे जे वर्णन दिले आहे ते एखाद्या जवाहिऱ्याला शोभण्यासारखे आहे. आचेहून आलेली तीन हात लांबीची रंगीत नळी, तिच्या दोन्ही टोकांस मिना व जडाव, तोंडात धरावयास येमेनी अकीकाची गुटी, पेटविण्यासाठी सोन्याचे पात्र, आणि आदिलशहाने बक्षीस दिलेल्या नक्षीदार पानदानाच्या थैलीत भरलेली उत्तम तंबाखू. बादशहाची नजर तबकावर पडली आणि त्याने हे काय म्हणून विचारले. खान-इ-आझमने खुलासा केला की ही तंबाखू. मक्का-मदिनेत ती सर्वांच्या परिचयाची असून हुजुरांसाठी औषध म्हणून आणली आहे. अकबराने चिलीम भरण्यास सांगितले. राजवैद्य पुढे सरसावला व त्याने मना केले. तरी आणणाराचे मन राखण्यासाठी बादशहाने दोन-तीन झुरके घेतलेच. वैद्य अस्वस्थ झाला. मग औषधे तयार करणाऱ्यास पाचारण करून गुणधर्म विचारले, तेव्हा आपल्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही, फिरंगी वैद्य मात्र याची फार वाखाणणी करतात, असे उत्तर त्याने दिले.

यानंतर दरबारात जो वाद झाला तो या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचा भाग आहे. हकिमाचे म्हणणे असे की जिची परीक्षा झालेली नाही, जिच्याविषयी आपल्या वैद्यांनी काही लिहून ठेवलेले नाही, ती वस्तू बादशहाने सेवन करणे उचित नव्हे. असद बेगचा प्रतिवाद असा की फिरंगी काही मूर्ख नाहीत, आणि वापरून पाहिल्यावाचून एखाद्या वस्तूला वाईट ठरविण्याचा अधिकार वैद्याला कोठून आला? अकबराला मुत्सद्द्याचा युक्तिवाद रुचला. आजचा वाचकही प्रथमदर्शनी असद बेगच्या बाजूस झुकेल, कारण त्याच्या बोलण्यात जिज्ञासेचा सूर आहे आणि हकिमाच्या बोलण्यात पोथीचा. तथापि नीट पाहता परीक्षेची अट घालणारा हकीमच होता. असद बेगला परीक्षा करावयाची नव्हती, त्याला नजराणा खपवावयाचा होता. त्याने बरोबर भरपूर साठा आणलेला होता, तो अमीर-उमरावांत वाटला, मागण्या येऊ लागल्या, आणि व्यापाऱ्यांनी विक्रीस आरंभ केला. खुद्द अकबराने ही सवय अंगीकारली नाही, हेही असद बेगच नमूद करतो.

ज्याच्या लग्नाच्या निमित्ताने हे सारे घडले तो दानियाल १६०५ साली बुऱ्हाणपुरास मरण पावला, पण तंबाखूने नव्हे. त्याच्या मद्यपानावर बंदी घालण्यात आली असता त्याने आपल्या आवडत्या बंदुकीच्या नळीतून दारू चोरून आणविली; नळीतील गंज व दारूगोळ्याची घाण त्या मद्यात उतरली आणि त्यातच त्याचा अंत झाला, असे त्याचा भाऊ जहांगीर आपल्या आठवणींत सांगतो. मनाईच्या हुकमाची वाट चुकवून माल आत येतो, हा धडा वऱ्हाडच्या सुभेदाराच्या घरातच पहिल्यांदा मिळाला होता.

तंबाखूत असे काय होते की दरबारातून ती एका पिढीत बाजारात आणि बाजारातून शेताच्या बांधावर गेली? तिच्या पानातील निकोटिन हे द्रव्य १८२८ साली हायडेलबर्ग येथे पोसेल्ट व रायमन या दोघा संशोधकांनी प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले. झाडाच्या दृष्टीने ते पान कुरतडणाऱ्या किड्यांवरचे विष आहे. मनुष्याच्या शरीरात मात्र ते मज्जातंतूंचे संदेश वाहणाऱ्या ॲसिटिलकोलीन या द्रव्याचे सोंग घेते. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, भूक मंदावते, चित्त क्षणभर एकाग्र होते, आणि मेंदूत डोपामिन स्रवून सुखाचा एक लहानसा झटका बसतो. धुरावाटे हा परिणाम काही सेकंदांत होतो. सवय जडली की मज्जातंतूंची रचनाच त्या द्रव्याच्या अपेक्षेने बदलते, आणि ते न मिळाल्यास चिडचिड, बेचैनी, डोके जड होणे सुरू होते. मग माणूस ज्याला तलफ म्हणतो ती भागविणे एवढेच प्रयोजन उरते. आपल्याकडे विड्यामुळे चुना घरोघर होता, आणि चुन्याच्या क्षारामुळे निकोटिन मोकळे होऊन गालाच्या आतील नाजूक त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते. म्हणजे पोर्तुगिजांनी पान आणले, पण त्याची मात्रा तीव्र करण्याचे साधन दक्षिणेत आधीच तयार होते. दुपारची भाकर येईपर्यंत उन्हात निंदण-खुरपण करणाऱ्या मजुराला भूक मारणारी, दमडीत मिळणारी आणि काम न थांबविता घेता येणारी दुसरी वस्तू नव्हती.

जहांगिराने १६१७ साली तंबाखूस मनाई केली. बहुतेकांच्या प्रकृतीस ती अपाय करते असे कारण त्याने दिले आहे, आणि इराणच्या शाह अब्बासनेही तशीच मनाई केल्याचे तो त्याच ठिकाणी लिहितो. गंमत अशी की इराणच्या दरबारी धाडलेला जहांगिराचाच वकील खान-इ-आलम या धुराचा इतका आधीन होता की शाहला त्याच्यापुरती सवलत द्यावी लागली. इंग्लंडचा पहिला जेम्स तर अधिक मासलेवाईक. असद बेगचे तबक आग्र्यास पोहोचण्याच्या सुमारास, १६०४ साली, त्याने तंबाखूच्या निषेधार्थ स्वतः पुस्तिका लिहिली आणि त्याच वर्षी तिच्यावरील आयात जकात कैक पटींनी वाढविली. पुढे व्हर्जिनियाच्या वसाहतीचा सारा डोलारा त्याच पिकावर उभा राहिला. गोव्यात पोर्तुगीज सरकारने तंबाखूच्या विक्रीचा मक्ताच बांधला, आणि ब्राझीलच्या बाहिया प्रांतातील पाने समुद्रमार्गे गोव्यास येऊन मक्तेदाराच्या दुकानी विकली जाऊ लागली. जहांगिराच्या मनाईचे पुढे काय झाले हे शाहजहानच्या कारकिर्दीवरून कळते: एकट्या दिल्ली शहरातून तंबाखूच्या कराचे दिवसाला ५,००० रुपये येत, असे मनुची हा इटालियन प्रवासी म्हणतो. मनाईचा हुकूम एका कारकिर्दीपुरताही टिकला नाही. कर मात्र, मध्यंतरी औरंगजेबाने दिलेली माफी जमेस धरूनही, पुनःपुन्हा परत आला.

वऱ्हाडाच्या वेशीवर हे पीक किती लवकर रुजले याची साक्ष ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या देतो. बुऱ्हाणपुराच्या परिसरात तंबाखू इतकी पिकते की काही वर्षी लोकांना ती नको होते व अर्धे पीक तसेच सडू देतात, असे त्याने सतराव्या शतकाच्या मध्यास लिहून ठेवले आहे. बुऱ्हाणपुराहून वऱ्हाडात माल येण्याचे साधन म्हणजे बंजाऱ्यांचे तांडे. धान्य आणि मीठ हा त्यांच्या गोण्यांतील मुख्य भार. त्याबरोबर जे हलके, टिकाऊ व हमखास खपणारे सामान असे त्यात तंबाखूची गणना होई. पुसद-उमरखेडच्या मुलखात आज जे तांडे स्थायिक झालेले दिसतात त्यांचे पूर्वज याच वाटांनी फिरणारे होते.

अठराव्या शतकातील राजकीय घालमेल येथे थोडक्यात सांगितली तरी पुरे. वऱ्हाडात निजाम व नागपूरकर भोसले यांची दोअमली होती, म्हणजे एकाच रयतेकडून दोन धनी वसूल घेत. उमरखेडचा परगणा पेशवाईच्या अखेरीपर्यंत पेशव्यांकडे होता आणि १८१८ नंतरच्या व्यवस्थेत निजामाकडे गेला. अंमल बदलला तरी नाके बदलत नसत. परगण्याच्या हद्दीवर बैल थांबे, जकातदार गोणी चाचपून पाही, आणि तंबाखूवरील जकात बैलामागे घेतली जाई.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली दिले, १९०२ साली ते कायमच्या पट्ट्याने सालिना २५ लाख रुपयांवर त्यांच्याकडे राहिले, आणि १९०५ साली वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका, उमरखेडसह, यवतमाळ जिल्ह्यास जोडण्यात आला. त्यामुळे पैनगंगा ही नुसती नदी न राहता दोन राजवटींमधील सीमा झाली. पलीकडे निजामाच्या करोडगिरी खात्याचे नाके होते व मालावर साधारणतः शेकडा पाच दराने जकात घेतली जाई. हद्दीवरच्या गावाला दोन्ही सरकारांचे कायदे तोंडपाठ असतात, आणि कोणता माल कोणत्या काठावर स्वस्त हे मुलांनाही ठाऊक असते; करोडगिरीच्या कारकुनांना पैनगंगेचे उन्हाळी उतार यासाठीच डोळ्यांत तेल घालून राखावे लागत.

इंग्रजांनी १८९३-९४ साली भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला व वऱ्हाडातूनही साक्षी घेतल्या. मनाईपेक्षा परवाने आणि कर बरे, असा त्याच्या सात खंडांचा मथितार्थ होता. ज्या तंबाखूत मिसळूनच गांजा चिलमीत भरला जाई तिच्याकडे मात्र आयोगाला पाहण्याचे कारण नव्हते. तंबाखू तोवर मादक पदार्थांच्या पंक्तीतून उठून किराण्याच्या पंक्तीत बसली होती.

यानंतर आली विडी. १८९९ च्या दुष्काळाने गुजरातेतून बाहेर पडलेल्या पटेल कुटुंबांपैकी मोहनलाल व हरगोविंददास यांनी १९०२ च्या सुमारास जबलपुरास विड्यांचा कारखाना घातला. गुजरातेत विडी आपट्याच्या जातीच्या पानात वळीत. मध्य प्रांताच्या रानात तिला तेंदू सापडला. हे पान पातळ, वळविले तरी न फाटणारे आणि संथ जळणारे आहे. बंगाल-नागपूर रेल्वेने जबलपूर-गोंदिया जोडल्यावर गोंदिया-भंडारा हे विडीचे केंद्र झाले, आणि यवतमाळच्या दक्षिणेकडील जंगल, ज्याचा काही भाग आज पैनगंगा अभयारण्य म्हणून राखलेला आहे, त्या धंद्याच्या पुरवठ्यात ओढले गेले. चैत्र-वैशाखात कापसाचे काम संपलेले आणि पेरणीस अवकाश असतो, तेव्हा पहाटे रानात जाऊन तोडलेली पाने घरी सत्तर-सत्तरांच्या पुडक्यांत बांधायची आणि फळीवर, म्हणजे संकलन-केंद्रावर, मुन्शीपुढे मोजून द्यायची, हा क्रम आदिवासी व बंजारा कुटुंबांच्या वर्षातील रोख पैशाचा मोठा आधार ठरला. विडीविषयी लिहिताना पुष्कळ जण या माणसांना विसरतात. ओढणाऱ्याच्या छातीत धूर आणि तोडणाऱ्याच्या हाती मजुरी, हे एकाच पानाचे दोन परिणाम आहेत.

सरकारही येथे मागे नव्हते. १९४३ साली युद्धखर्चासाठी हिंदुस्थान सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसविला तो युद्ध संपले तरी उठला नाही. १९६९ च्या वनोपज व्यापार नियमन कायद्याने महाराष्ट्र राज्याने तेंदूपानांचा व्यापार स्वतःच्या नियंत्रणाखाली घेतला. त्या वेळी मुख्यमंत्रिपदी होते पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक, ज्यांच्या हातातील पाइप छायाचित्रांवरून साऱ्या महाराष्ट्राला परिचित होता. या कायद्याने खाजगी ठेकेदारांची बेबंदशाही आवरली गेली हे खरे, आणि विडीच्या पानातून राज्याला नियमित महसूल मिळू लागला हेही तितकेच खरे. तिकडे सीमाभागात निपाणीच्या तंबाखू-उत्पादकांनी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली रास्ता अडविला, त्यात गोळीबार होऊन शेतकरी मारले गेले; त्यांची मागणी वाजवी भावाची होती. पीक घेणारा, पान तोडणारा, विडी वळणारा आणि कर घेणारा असे चौघे ज्या वस्तूवर अवलंबून राहतात तिला मनाई करणे किती दुष्कर असते, हे तेव्हा स्पष्ट झाले.

हकिमाने मागितलेली परीक्षा मात्र कधीतरी व्हावयाचीच होती. ती मुंबईत झाली. परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि तेथे येणाऱ्या कर्करोग्यांत तोंड व घशाच्या रोग्यांचा भरणा पाश्चात्त्य रुग्णालयांच्या मानाने फार मोठा आढळला. विकृतिशास्त्रज्ञ वसंत खानोलकर यांनी या भेदाचे कारण लोकांच्या सवयींत शोधले, आणि १९५५ साली सांघवी, राव व खानोलकर यांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलात प्रसिद्ध झाला: तंबाखू ओढणे व चघळणे यांचा मुखाच्या व घशाच्या कर्करोगाशी संबंध त्यात आकड्यांनिशी मांडलेला होता. अकबराच्या दरबारातील प्रश्नाला उत्तर मिळण्यास साडेतीनशे वर्षे लागली, आणि ते हकिमाच्या बाजूने लागले. त्याच काळात गाडगेबाबा कीर्तनांतून आणि तुकडोजी महाराज भजनांतून वऱ्हाडच्या खेड्यांत व्यसनांविरुद्ध बोलत होते. त्यांच्या शब्दाने चिलमी फुटल्या असतील, पण मिसरी लावणाऱ्या स्त्रियांना आपण व्यसन करीत आहोत असे वाटतच नव्हते. ते दंतमंजन होते.

नंतरच्या चाळीस वर्षांत धूर ओसरला आणि गुटख्याची पुडी आली. विदर्भात तिचे घरगुती रूप म्हणजे खर्रा: सुपारीचा चुरा, तंबाखू व चुना पन्नीवर घोटून केलेला. यात निकोटिनाच्या जोडीस सुपारीतील अरेकोलीन हे दुसरे उत्तेजक येते. सुपारीच्या सततच्या सेवनाने गालाच्या आतील पेशीजाल ताठर होत जाते, तोंड उघडेनासे होते, दोन बोटेही आत जात नाहीत, तिखट सोसत नाही. आणि याच विकारातून पुढे कर्करोगाची भीती असते. चिलमीने वृद्धांना गाठले होते, खर्ऱ्याने विशीच्या आतल्यांना गाठले.

राज्याने २००२ साली गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने, असा अधिकार राज्याला नाही म्हणून, ती रद्द ठरविली. अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली, आणि ती दरवर्षी नव्या आदेशाने पुढे चालविली जाते. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखू सेवन करताना आढळले. आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ३१.४ होते. घट झाली आहे, तिचे श्रेय नाकारू नये. परंतु ओढणारे अवघे ३.८ टक्के आणि बाकी बहुतेक सारे चघळणारे किंवा घासणारे, हे प्रमाण पाहता बंदीचा मारा नेमका जेथे व्हावयास हवा तेथे तो अद्याप पुरा पोहोचलेला नाही असेच म्हणावे लागते. मनाई आणि महसूल ही दोन्ही खाती एकाच सरकारात नांदतात तोवर वरून येणाऱ्या हुकमावर फार विसंबण्यात अर्थ नाही. जहांगिरापासूनचा अनुभव तसा आहे.

एक कलम मात्र असे आहे की ज्याने कोणाचीही तिजोरी रिती होत नाही. २००३ च्या केंद्रीय कायद्याने शाळा-महाविद्यालयापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणे, आणि अठरा वर्षांखालील मुलाला ती कोठेही विकणे, हा गुन्हा ठरविला आहे. उमरखेड असो की दुसरे कोणतेही गाव, वाचकांनी आपल्या शाळेच्या फाटकापासून हे अंतर एकदा टेप लावून मोजावे, आणि त्याच्या आत पानठेला आढळल्यास मुख्याध्यापकांच्या सहीने ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपरिषदेकडे लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी.